आधी छप्पर, मग रंग : जिल्हा परिषदेला खुलं पत्र

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी आणि मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
जिल्हा परिषद

सप्रेम नमस्कार.

आपल्या कार्यालयाचं परिपत्रक केंद्रप्रमुखांमार्फत शाळाशाळांत पोचलं. माजी विद्यार्थी, ग्रामस्थ किंवा संस्था यांना शाळेच्या इमारतीसाठी श्रमदान करायचं असेल, तर ते रंगरंगोटी, बोलक्या भिंती आणि परिसर सुशोभीकरण एवढ्यापुरतंच करावं, असं त्यात म्हटलं आहे. छप्पर, भिंती, जोतं (इमारतीचा चौथरा) आणि पाण्याचा निचरा यांना कुणी हात लावायचा नाही. ती कामं बांधकाम विभाग अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर करील.

हे पत्र लिहिणाऱ्यांत गवंडी आहेत, सुतार आहेत, कौलं चढवणारे आहेत, एक परवानाधारक वायरमन आहे, निवृत्त शाखा अभियंते आहेत आणि बाकी पालक. मुलं आमची आणि खोल्या त्यांच्या, आमचा स्वार्थ एवढाच. परिपत्रकाला आमचा विरोध आहे, कारण जी कामं स्वयंसेवकांनी करायला हवीत ती आपण बंद केलीत आणि जे काम सगळ्यात शेवटी व्हायला हवं तेवढंच चालू ठेवलंत.

आपली भीती खोटी नाही, हे आधीच सांगतो. ऑगस्ट २०१७ मध्ये अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या निंबोडीच्या शाळेचं छत कोसळून तीन मुलं गेली. २५ जुलै २०२५ ला राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदीत सात गेली. अशा इमारतीवर हौशी माणसांनी चढू नये, याबद्दल आमचं दुमत नाही. पण धोकादायक इमारत आणि गळकी इमारत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गळकीकडे आठ-दहा पावसाळे कुणी बघितलं नाही की ती धोकादायक होते. परिपत्रकाने दोघींना एकाच ओळीत बसवलं आणि गळकीची दुरुस्तीही थांबवली.

पहिली आणि मोठी तक्रार कौलांची. जिल्ह्यातल्या जुन्या शाळा बहुतेक दगड-विटांच्या भिंतींच्या आणि मंगळोरी कौलांच्या आहेत. या छपराला दर दोन-तीन वर्षांनी शाकारणी लागते, हे खेड्यातल्या कुणालाही माहीत आहे. कौलं उतरवायची, घासायची, फुटकी बदलायची, रिपा, म्हणजे कौलं ज्यांवर टेकतात त्या लाकडी पट्ट्या, तपासायच्या आणि कौलं परत चढवायची. यात नवं बांधकाम काहीच नाही. घराघरांत हे मे महिन्यात होतं, शाळेत मात्र अंदाजपत्रकाची वाट बघतं.

हिशोब सांगतो. वीस फूट बाय अठरा फुटांची एक वर्गखोली घ्या. उतार आणि वळचण धरून छपराचं क्षेत्रफळ साधारण ५० चौरस मीटर होतं. मंगळोरी कौलं चौरस मीटरला १५ च्या आसपास लागतात, म्हणजे एकूण साडेसातशे. एकेक कौल दोन-अडीच किलोचं, म्हणजे पावणेदोन टनांचं ओझं उतरवून परत चढवायचं. चाळीस माणसं आली तरी छपरावर चारच बसतात. बाकीच्यांनी शिडीपासून भिंतीच्या कडेपर्यंत रांग धरायची आणि कौल हातोहात खाली द्यायचं. उतरवताना दोन्ही पाखी, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजू, बरोबरीने मोकळ्या करायच्या, कारण एकच पाख रिकामी केली तर सगळा भार दुसऱ्या बाजूला जातो आणि जुना सांगाडा सरकतो. कौलावर पाय द्यायचा नाही. शिडी पाखीवर आडवी टाकून तिच्यावरून सरकायचं. खाली आलेली कौलं उभी रचायची, आडव्या थप्पीत तळातली फुटतात. प्रत्येक कौलावर बोटाच्या पेराने टिचकी मारायची. खणखणीत वाजलं तर ठेवायचं, बद्द वाजलं तर बाजूला. बद्द आवाजाचं कौल वरून धडधाकट दिसतं, पण त्याला केसाएवढी चीर असते आणि श्रावणात तिथूनच थेंब पडतो.

आता अंदाजपत्रकाची गंमत. त्यात 'फुटकी कौले बदलणे, नग शंभर' असं लिहिलेलं असतं. ठेकेदार बाजारातली नवी शंभर कौलं आणतो. ती जुन्यांच्या खोबणीत बसत नाहीत, कारण प्रत्येक कारखान्याच्या साच्यात थोडाथोडा फरक असतो. कौल उलटं करून पाहिलं की मागे कारखान्याचा छाप दिसतो. जाणता माणूस एका पाखीवर एकाच छापाची कौलं ठेवतो. दोन खोल्यांची कौलं एकत्र काढायची, जुन्या छापाची सगळी एका पाखीवर लावायची आणि नवी पूर्ण दुसऱ्या पाखीवर. त्या पाखीच्या रिपा नव्या मापाने मारायच्या. रिपांमधलं अंतर साधारण साडेबारा इंच असतं. अर्धा इंच चुकला तरी कौल एक तर टेकत नाही, नाहीतर वरच्या कौलाखाली पुरेसं सरकत नाही, आणि तिरका पाऊस आत येतो. एवढं करायला सवडीची माणसं लागतात. नगावर पैसे घेणाऱ्याला ही सवड नसते, त्यात त्याचाही दोष नाही.

लाकूड कुठं तपासायचं, हेही पाहणीला येणाऱ्यांना एकदा दाखवावंसं वाटतं. खाली वर्गात उभं राहून वर बघितलं की वासे सुरेख दिसतात. वासा मध्ये कुजत नाही. तो कुजतो टोकाला, जिथं भिंतीच्या माथ्यावर टेकतो तिथं, कारण वळचणीचं कौल सरकलं की पाणी आधी तिथंच मुरतं. दोन कौलं उचलून पटाशी त्या टोकात दाबायची. अर्ध्या इंचापेक्षा जास्त आत गेली तर वासा बदलावा लागेल, आणि तिथून पुढचा निर्णय अभियंत्याचा. वाळवीची मातीची नळी भिंतीवरून चढलेली दिसली तर तीच पटाशी आणखी चार ठिकाणी लावून बघायची. हे कळायला कौलं उचलावी लागतात, आणि परिपत्रकाप्रमाणे कौल उचलायलाच बंदी आहे.

दुसरी तक्रार जमिनीची. जुन्या शाळांची जोती दीड-दोन फूट उंच होती. मग मैदानात मुरूम पडला, रस्ता वर आला, कुठल्याशा निधीतून पेव्हर ब्लॉक बसले, तेही जुन्या जमिनीवरच. आज कित्येक शाळांत अंगण आणि वर्गाची फरशी एका पातळीत आहेत. काही ठिकाणी अंगणच वर आहे. पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायाशी पडतं आणि तिथंच मुरतं. भिंत ते खालून शोषून घेते, त्यातले क्षार पृष्ठभागावर येऊन पांढरे होतात. लोणा म्हणतात तो हाच. त्यावर कितीही पोपडे खरवडले आणि पुट्टी भरली तरी पुढच्या पावसाळ्यात तो परत येतो.

याला उपाय फावडं, टिकाव आणि घमेलं. भिंतीपासून अडीच-तीन फुटांची पट्टी खणून जमीन जोत्याच्या माथ्यापासून निदान सहा इंच खाली न्यायची. पट्टीला भिंतीपासून लांब जाणारा उतार द्यायचा, एक फुटाला अर्धा इंच पुरतो. तिच्या कडेने चर काढून पाणी शोषखड्ड्यात किंवा गावच्या गटारात सोडायचं. पाया उघडा पडेल इतकं खोल जायचं नाही, आणि भिंतीच्या सगळ्या बाजू एकाच दिवशी खणायच्या नाहीत. पंचवीस माणसं दोन रविवारांत दोन खोल्यांचं काम आटोपतात. पेव्हर ब्लॉक उचलून पुन्हा बसवता येतात, ते वाया जात नाहीत. या सगळ्यात संरचनेला धोका कुठं आहे, ते आम्हाला परिपत्रकातून समजलं नाही.

तिसरी तक्रार त्या रंगाची, ज्याला आपण आनंदाने परवानगी दिलीत. ओल्या भिंतीवर ऑइलपेंटचा पाच फुटी पट्टा मारला की आतली ओल बाहेर पडायचा रस्ता बंद होतो. ओल मग वर चढते आणि पट्ट्याच्या वर फुगे धरते. उद्घाटनाच्या दिवशी भिंत खरंच बोलते. पहिल्या आषाढात 'क कमळाचा' कमळासकट खाली येतो. ज्यांनी दिवसभर उन्हात उभं राहून तो काढला, ती पोरं पुढच्या वर्षी फोन उचलत नाहीत. स्वयंसेवक टिकत नाहीत असं आपल्या बैठकांत म्हटलं जातं, त्याचं एक कारण हे.

जुन्या दगड-चुन्याच्या भिंतीला चुनाच द्यावा. किलोभर कळीच्या चुन्याला पाच लिटर पाणी या हिशोबाने तो विरवायचा. विरताना चुना उकळतो, म्हणून मुलांना लांब ठेवायचं, पिंप लोखंडी घ्यायचं आणि डोळ्यांवर चष्मा लावायचा. चोवीस तास ठेवून जाड कापडातून गाळायचा. शंभर लिटरला चारशे ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घालायचा, म्हणजे हाताला पांढरं लागत नाही. थोडी नीळ घालायची. पातळ तीन हात मारायचे, एक जाड हात पापुद्रा धरतो. अशी भिंत श्वास घेते आणि दरवर्षी पुन्हा पांढरी करता येते. चित्रं काढायचीच असतील तर ती लाकडी फळ्यांवर काढून टांगावीत. भिंत कोरडी आहे की नाही ते बघायला यंत्र लागत नाही. दोन फूट चौरस प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून भिंतीला लावायचा आणि दुसऱ्या दिवशी बघायचा. आतल्या बाजूला थेंब जमले असतील तर रंगाचे डबे परत पाठवायचे.

स्लॅबच्या खोल्यांबद्दल मात्र आम्ही परिपत्रकाच्याही पुढे जाऊन कडक बोलणार आहोत. स्लॅबच्या खालच्या बाजूचं काँक्रीट सुटून सळई दिसायला लागली की गावात पहिला विचार येतो तो सिमेंट थापून ती झाकण्याचा. हे स्वयंसेवकांनी करू नये, ठेकेदारानेही करू नये. गंजलेल्या सळईचं आकारमान वाढतं आणि ती आजूबाजूचं काँक्रीट ढकलून फोडते. वरून नुसता गिलावा मारला तर गंज आत चालूच राहतो, फक्त आता तो दिसत नाही. आणि पुढे तो गिलावाच एखाद्या पोराच्या डोक्यात पडतो.

दुसरी चूक गच्चीवर होते. स्लॅब गळतो म्हणून वर विटांच्या तुकड्यांचा कोबा केलेला असतो. तो गळायला लागला की त्याच्याच उरावर दुसरा कोबा. चार इंच कोबा म्हणजे चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो वजन. वीस बाय अठराच्या खोलीवर साडेसहा टनांहून जास्त. जाता-येता येणाऱ्या गच्चीवर माणसांचा आणि सामानाचा भार म्हणून चौरस मीटरला दीडशे किलो धरतात. म्हणजे हा दुसरा कोबा एकटाच त्या सगळ्या भारापेक्षा जड, आणि तो बाराही महिने वर बसलेला. खाली सळई गंजत चालली आहे आणि वर टनांनी ओझं वाढतं आहे. अशी कामं सरकारी अंदाजपत्रकांतून झालेली आम्ही बघतो. तेव्हा जोखीम फक्त श्रमदानात असते, असं समजू नये.

या खोल्यांत स्वयंसेवकांनी करायचं काम तीन-चार ओळींत संपतं. गच्चीवरचा पाला, माती आणि वडा-पिंपळाची रोपं दर वर्षी मेमध्ये काढायची. पिंपळ उपटायचा नाही, तो छाटून मूळ मारायचं आणि राहिलेली फट अभियंत्याला दाखवायची. पाणी जायच्या नळ्या मोकळ्या करायच्या. भिंतीच्या तड्यावर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवून तारीख लिहून ठेवायची. काच तडकली तर तडा जिवंत आहे, म्हणजे अजून वाढतो आहे, त्याच दिवशी मुलं बाहेर काढायची आणि आपल्याला कळवायचं. छताला हातोडीने हलके ठोके देत जिथं पोकळ आवाज येईल तिथं खडूने गोल करायचा. असे गोल मारलेला छताचा फोटो पाहणी अहवालाला जोडला तर अभियंत्याचं अर्धं काम सोपं होईल.

सिमेंटच्या जुन्या पत्र्यांनाही आम्हाला हात लावायचा नाही. त्यांत अॅस्बेस्टॉस असतं. ते कापताना, भोकं पाडताना, कोरडे घासताना जी धूळ उडते ती फुप्फुसात कायमची राहते. शिवाय ते पायाखाली न सांगता फुटतात. लोखंडी पत्रे गळत असतील तर मात्र नव्वद टक्के दोष स्क्रू-बोल्टचा असतो, हा आमचा अनुभव. बोल्ट पत्र्याच्या खळग्यात मारलेला असतो, तो फुगवट्यावर हवा. वॉशर उन्हाने वाळून गेलेला असतो. नवे वॉशर, बुजवलेली जुनी भोकं आणि आडव्या सांध्याला निदान सहा इंचांची चढ, एवढ्यात वर्ग कोरडा होतो.

चौथी तक्रार वेळेची. शाळा मेच्या सुरुवातीला सुटते, जूनच्या मध्याला भरते, आणि मृग त्याच्या आधीच लागतो. वळवाची सर तर मेच्या दुसऱ्या आठवड्यातही येते. शाकारणीला हातात येतात जेमतेम तीन आठवडे. परवानगीचा कागद पंचायत समिती, उपअभियंता, बांधकाम विभाग असा फिरून जूनमध्ये आला तर तो पुढच्या वर्षीच्या फाइलला लावण्याच्या लायकीचा असतो.

पैशाबद्दल थोडंच. समग्र शिक्षामधून ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान मिळतं १०,००० रुपये, शंभरापर्यंतच्या पटाला २५,०००. त्यातच खडू, कागद, स्वच्छता आणि किरकोळ दुरुस्ती. यात छप्पर होत नाही, म्हणूनच गाव पुढे येतं. दुसरीकडे राज्याच्या १८ सप्टेंबर २०२३ च्या दत्तक शाळा योजनेत ग्रामीण शाळा पाच वर्षांसाठी दत्तक घ्यायची तर देणगीचं मोल ५० लाख लागतं. साडेसातशे कौलं घासणाऱ्या हातांचं मोल त्या तक्त्यात कुठं धरायचं? पट कमी म्हणून दुरुस्ती मागे पडते, आणि वर्ग गळतो म्हणून पालक मूल दुसरीकडे घालतात. पुढच्या वर्षी पट आणखी कमी दिसतो. हे चक्र आपल्या कार्यालयाच्या आकड्यांत आमच्यापेक्षा आपल्याला जास्त स्पष्ट दिसत असेल.

शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला सर्व ऋतूंत टिकणारी इमारत हवी, असं लिहिलं आहे. त्याच कायद्याच्या कलम २१ आणि २२ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीने शाळेचा विकास आराखडा करायचा असतो. मग त्या समितीला कौल परतायला परवानगी लागावी, हे कशात बसतं?

आमच्या मागण्या :

१. परिपत्रक बदलून कामांचे तीन गट करावेत. पहिल्या गटातल्या कामांना समितीचा ठराव आणि मुख्याध्यापकांचं पत्र पुरेसं असावं : वासे न बदलता केलेली शाकारणी, पन्हळी आणि गच्चीची सफाई, जोत्याभोवतीची माती काढणं, चर, शोषखड्डा, चुना, शौचालयाच्या दाराच्या कड्या आणि नळ. दुसऱ्या गटाला शाखा अभियंत्याची एक भेट आणि लेखी होकार लागावा : वासे-रिपा, लोखंडी पत्रे, गिलावा, फरशी. तिसरा गट स्वयंसेवकांना पूर्ण बंद : स्लॅब, तुळया, खांब, तडे गेलेल्या भिंती, अॅस्बेस्टॉसचे पत्रे. वीजजोडणी फक्त परवानाधारक माणसाने करावी, आणि ३० मिलिअँपिअरचा वीजगळती-रोधक स्विच बसवल्याशिवाय ओल्या भिंतीवरचा बोर्ड चालू करू नये.

२. पाहणी जानेवारी-फेब्रुवारीत व्हावी, दुसऱ्या गटाच्या अर्जांना ३१ मार्चपर्यंत हो किंवा नाही असं उत्तर मिळावं. नाही असेल तर कारण लिहावं. शिवाय एक पाहणी जुलैत, पाऊस चालू असताना व्हावी. फेब्रुवारीत प्रत्येक छप्पर कोरडंच असतं.

३. धोकादायक ठरलेल्या खोल्यांना त्याच दिवशी कुलूप लागावं, आणि मुलं कुठं बसतील ते त्याच आदेशात लिहावं. निर्लेखनाचा, म्हणजे खोली वापरातून रद्द करून पाडण्याचा, प्रस्ताव कुठवर आला, ते दर तीन महिन्यांनी समितीला कळावं. खोली निर्लेखित झाली पण पाडली नाही आणि पोरं तिच्या वळचणीला डबा खातात, असं यापुढे चालू नये.

४. उतरवलेलं सागवान, कौलं, पत्रे यांची मोजदाद करून ती जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढवावी आणि त्यावर गावातल्या दोघांच्या सह्या घ्याव्यात. श्रमदानाच्या नावाखाली शाळेचं लाकूड गायब होतं, ही तक्रार काही ठिकाणी खरी आहे. तिला उत्तर नोंदीचं आहे, बंदीचं नाही.

५. छप्पर आणि निचरा दुरुस्त होऊन एक पावसाळा कोरडा गेल्याचं मुख्याध्यापकांनी लिहून दिल्याशिवाय कुणालाही, मोठ्या कंपनीलासुद्धा, रंगाची परवानगी देऊ नये.

६. छपरावर चढणाऱ्यांसाठी प्रत्येक तालुक्याला सुरक्षापट्टे, दोर, हेल्मेट आणि दोन लांब शिड्यांचा एक संच पंचायत समितीत ठेवावा. शाळांनी तो सही करून न्यावा आणि परत करावा.

७. दत्तक योजनेत श्रमदानाचं मोल धरावं, अशी शिफारस आपण राज्य शासनाकडे पाठवावी.

उत्तर मार्चअखेरीपर्यंत यावं, कारण त्यानंतर जुन्या छापाची कौलं गोळा करायला आम्हाला एप्रिलच मिळतो. पडीक घरांची कौलं कुणाकडे आहेत त्याची यादी तयार आहे. ट्रॅक्टरही ठरला आहे.

आपले,
श्रमदानातून शाळा दुरुस्त करणारे गवंडी, सुतार, अभियंते आणि पालक